खांद्यावरून डागायची अस्त्रे

अहिल्यानगरच्या चाचणीक्षेत्रावर सप्टेंबर २०१८मध्ये डीआरडीओने जवानांना उचलून नेता येईल अशा रणगाडाविरोधी क्षेपणास्त्राची चाचणी घेतली. ते डागल्यावर स्वतःच लक्ष्याचा माग काढते. खांद्यावरची साधी अस्त्रे तेवढी हुशार नसतात. आपल्या पायदळाची ८४ मिमी कार्ल गुस्ताफ मूळची स्वीडनची. तिला सर्रास रॉकेट लाँचर म्हणतात, पण ती खरे तर धक्का न देणारी तोफ. गोळा पुढे सुटतो तेव्हा तप्त वायू मागून बाहेर पडतो, म्हणून खांदा शाबूत राहतो. मागे उभा असलेला सोबती मात्र भाजू शकतो, शिवाय उडालेली धूळ शत्रूला जागा दाखवते. सोव्हिएत आरपीजी-७चे रॉकेट नळीबाहेर गेल्यावर पेट घेते. चिलखत भेदते ती स्फोटाने तयार झालेली धातूची बारीक धार. गोळ्याचा वेग तिथे गौण.