पोत्याचे वजन आणि कमरेचे गणित

दिवाळीच्या आसपास अहमदपूरच्या मोंढ्यात सोयाबीनची आवक वाढते. गाडीतून पोती उतरवणे, काट्यावर ठेवणे, थप्पी लावणे ही कामे हमालांच्या पाठीच्या जोरावर चालतात. ‘कंबर धरली’ ही तक्रार त्यांना नवी नाही, आणि घरी पाण्याची घागर उचलणाऱ्या बाईलाही नाही. या दुखण्यामागे शाळेत शिकलेला तरफेचा नियम आहे. यंत्रशास्त्राचे असे नियम शरीराला लावून पाहणाऱ्या शास्त्राला जैवयांत्रिकी म्हणतात.

समजा, वाकून २० किलोचे ओझे उचलले. ते कमरेच्या मणक्यापासून ५० सेंटीमीटर पुढे आहे. त्याला तोलून धरणारे पाठीचे स्नायू मात्र मणक्याच्या मागे जेमतेम ५ सेंटीमीटरवर असतात. अंतर दहापट, म्हणून स्नायूंना ओढही दहापट, म्हणजे २०० किलोच्या वजनाइतकी लावावी लागते. वाकलेल्या धडाचा भार वेगळाच. हे सगळे दोन मणक्यांमधल्या चकतीवर येते. तेच ओझे पोटाशी घेऊन अंतर २५ सेंटीमीटरवर आणले, की त्या ओझ्यासाठी लागणारी ओढ निम्मी होते. वजन तेवढेच, फरक फक्त अंतराचा.

ही चकती म्हणजे मध्ये मऊ, पाणीदार गर आणि भोवती चिवट तंतूंची कडी. प्रौढ माणसात तिच्या आतल्या भागाला रक्तवाहिन्या नसतात. दिवसभराच्या भाराने तिच्यातले पाणी थोडे बाहेर पडते आणि रात्री आडवे झाल्यावर परत शिरते. म्हणूनच सकाळी माणसाची उंची संध्याकाळपेक्षा किंचित जास्त भरते. पहाटे चकत्या फुगलेल्या असल्याने त्या वेळी वाकल्यास ताणही जास्त बसतो. उठल्याउठल्या जड ओझ्याला हात घालू नये, ते यासाठी.

भार हा केवळ शत्रू नव्हे. जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडले, की हाड आपल्यावरील भारानुसार घडते. हाडातल्या पेशींना हा दाब जाणवतो. त्यानुसार हाड भरले जाते किंवा झिजते. अंतराळात वजनच जाणवत नाही, तेव्हा अंतराळवीरांची हाडे विरळ होतात. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांचेही तेच होते. म्हणून साध्या कंबरदुखीत दिवसेंदिवस पडून राहण्यापेक्षा झेपेल तेवढे हिंडत-फिरत राहणे बरे.

ओझे किती असावे, हा प्रश्न मात्र एकट्या हमालाच्या हातचा नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली. महाराष्ट्रात १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. पुण्यात बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखालील हमाल पंचायतीने पोत्याचे वजन कमी व्हावे, यासाठी लढा दिला. त्या मागणीला तरफेचा नियमही दुजोरा देतो.

उचलताना गुडघे वाकवावेत, ओझे अंगाशी धरावे आणि कमरेला पीळ देऊ नये. वळायचे तर पावले वळवावीत. जड पोते दोघांनी उचलावे. मात्र पायात मुंग्या किंवा अशक्तपणा वाढत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. लघवी-संडासवरचा ताबा सुटला किंवा जांघेतली जागा बधिर झाली, तर चोळत-शेकत न बसता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.