रेषेला पायऱ्या का पडतात?

संगणकावर हलती चित्रे काढणाऱ्यास एक अनुभव वारंवार येतो. दुरून सुबक भासणारा चेहरा, संगणकातील कॅमेरा जवळ नेताच ओबडधोबड दिसू लागतो; रेषेला पायऱ्या पडतात. कॅमेरा बिघडला, असे वाटते. परंतु दोष चित्रात असतो. ते चित्र चौकोनी ठिपक्यांचे बनलेले असते. कॅमेरा जवळ गेल्याने ठिपक्यांची संख्या वाढत नाही; प्रत्येक ठिपकाच मोठा दिसतो.

यावर उपाय दोन. चित्र आरंभीच अधिक ठिपक्यांचे काढावे, अथवा व्हेक्टर रेषा वापरावी. तीत ठिपक्यांऐवजी वक्राचे गणित साठविलेले असते. म्हणून ती कोणत्याही आकारात नितळ राहते.

चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी लागतात. कॅमेरा किती जवळ न्यावयाचा, हे आधी न ठरविल्यास पुष्कळ चित्रे पुन्हा काढावी लागतात.