दूध, सोडा अन् चुना



ऊसनोंदीला पैठण-गंगापूरकडच्या वस्त्यांवर गेलो की एक गोष्ट हमखास दिसते. छातीत जळजळलं की खायचा सोडा अन् वर दूध, गुडघ्यांसाठी दुकानातून आणलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या, शिवाय कुणी सांगितलं म्हणून रोज गव्हाएवढा चुना. एकेक वस्तू साधीच. पण सगळ्या मिळून फार झाल्या तर रक्तात कॅल्शियम व क्षार वाढतात आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकू शकत नाहीत. डॉक्टर यास मिल्क-अल्कली सिंड्रोम म्हणतात. कारखान्यात उसाच्या रसात चुना सामू पाहूनच सोडतात. घरी मात्र मोजमाप नाही.

हा आजार जुना आहे. १९१५ साली शिकागोचे डॉ. सिप्पी अल्सरच्या रोग्यांस तासातासाला दूध-साय व क्षारांची पूड देत. १९२३ मध्ये या उपचाराचे अपाय नोंदले गेले. पुढे आम्ल कमी करणारी नवी औषधे आली, आजार मागे पडला. कॅल्शियमच्या गोळ्यांमुळे तो पुन्हा दिसू लागला. तैवानात चुन्याची सुपारी सतत चघळणाऱ्यांतही आढळला.

सुरुवातीस मळमळ, बद्धकोष्ठ, फार तहान, वारंवार लघवी, गळाठा. वाढल्यास माणूस असंबद्ध बोलतो. वेळीच ओळखून गोळ्या-सोडा बंद केला व सलाईन दिले, तर बहुधा काही दिवसांत कॅल्शियम उतरते. कधी ते गरजेपेक्षाही खाली जाते, म्हणून डॉक्टर पुन्हा पुन्हा रक्त तपासतात. दुखणे महिनोन्महिने रेंगाळले, तर मूत्रपिंडात कॅल्शियम साचते. मग रक्तातले कॅल्शियम उतरले तरी मूत्रपिंड पूर्ववत होईलच असे नाही.

माझ्या मेहुण्यांचे तेच झाले. थकवा वयाचा म्हणून सहा महिने काढले. कॅल्शियम आठवड्यात उतरले, क्रिएटिनिन मात्र पूर्ण उतरले नाही. माती तपासा म्हणून मी गावोगाव सांगत फिरतो, घरच्या माणसाचे रक्त तपासायचे मला सुचले नाही!

डॉक्टरकडे जाताना सोडा, चुना, गोळ्या, सगळे सांगा. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर तीही दाखवा, कारण त्यातल्या काहींनी कॅल्शियम वाढते. डॉक्टरांनीच दिलेली गोळी परस्पर बंद करू नका. आणि डेअरीला दूध घालणाऱ्यांनी घाबरू नये, निरोगी माणसास नुसत्या दुधाने सहसा काही होत नाही.

— ऊस विकास अधिकारी