परदेशातील स्वयंसेवेची पूर्वतयारी : इंग्रजी दैनंदिनीचे स्थान

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने डिसेंबर १९७० मध्ये ठरावाद्वारे स्वयंसेवक कार्यक्रमाची स्थापना केली. १९९६ पासून त्याचे मुख्यालय जर्मनीतील बॉन येथे आहे. अशा कार्यक्रमातून परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या मराठी माध्यमातील पदवीधराची भाषिक तयारी बहुधा संभाषणापुरती मर्यादित राहते. वस्तुतः अहवाल, मागणीपत्रे व ई-मेल यांवाचून त्याचे काम चालत नाही. बोलताना झालेला घोटाळा हावभावांनी निस्तरता येतो; कागदावर तशी सोय नसते. म्हणून इंग्रजीत रोज दैनंदिनी लिहिण्याचा सल्ला दिला जातो. त्याची उपयुक्तता व मर्यादा तपासणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

पीटर एल्बो यांनी १९७३ मध्ये मुक्तलेखनाचा पुरस्कार केला. ठरावीक मिनिटे न थांबता, न खोडता लिहिल्याने चुकण्याची भीती ओसरते, ही त्यामागील भूमिका. मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये कॅनडातील फ्रेंच माध्यमाच्या विद्यार्थ्यांच्या आधारे दाखविले, की भाषा केवळ ऐकून-वाचून अचूक होत नाही. ती स्वतः घडवावी लागते. दैनंदिनी ही संधी रोज देते. मात्र ओघ आला म्हणजे अचूकता आली असे नव्हे. पुन्हा न वाचलेल्या दैनंदिनीत तीच चूक केवळ अधिक वेगाने लिहिली जाण्याचा संभव असतो.

मराठी भाषकाच्या काही चुका तर वाचूनही सहज ध्यानात येत नाहीत, कारण त्या मातृभाषेच्या घडणीतून येतात. ‘मंगळवारपर्यंत औषधे पाठवा’ आणि ‘मंगळवारपर्यंत दवाखाना बंद आहे’ या दोन्ही वाक्यांत मराठीला एकच ‘पर्यंत’ पुरतो. इंग्रजीत पहिल्यास ‘बाय’ लागते, दुसऱ्यास ‘अन्टिल’. पहिल्या वाक्यात ‘अन्टिल’ लिहिले, तर मंगळवार येईतो औषधे पाठवीत राहा, असा अर्थ होतो आणि मुदतच नाहीशी होते. ‘परवा’ हा शब्द मागचाही दिवस सांगतो आणि पुढचाही. ४-७ ही तारीख आपल्याकडे ४ जुलै, तर अमेरिकेत ७ एप्रिल. ‘बैठकीत ठरले’ या वाक्यात कोणी ठरविले हे गुलदस्त्यातच राहते. आपल्या कार्यालयीन इंग्रजीलाही ही सवय जडली आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. क्षेत्रीय अहवालात मात्र जबाबदारी कोणाची, हाच पहिला प्रश्न असतो.

मग लाल शाईने प्रत्येक चूक दुरुस्त करावी काय? जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ मध्ये व्याकरणदुरुस्ती निरुपयोगी ठरविली. डाना फेरिस यांनी १९९९ मध्ये त्याला उत्तर दिले. हा वाद मिटलेला नाही. तरीही व्यवहारात मध्यममार्ग काढता येतो. आजचे पान उद्या वाचावे आणि आठवडाभर एकच बाब शोधावी : या आठवड्यात मुदतदर्शक शब्द, पुढच्या आठवड्यात कर्ता. प्राध्यापकाने विद्यार्थ्याने स्वखुशीने दिलेलीच पाने पाहावीत. दैनंदिनी ही उत्तरपत्रिका नव्हे.

आठवड्यातून एकदा त्यातीलच एखादी नोंद दहा ओळींच्या अहवालात रूपांतरित करून अन्य विषयाच्या सहकाऱ्याला वाचावयास द्यावी. कोणी, काय, किती आणि कधीपर्यंत पाठवावयाचे आहे, हे त्याने विद्यार्थ्याला न विचारता सांगावे. त्याला अडखळावे लागले, तर ती ओळ पुन्हा लिहावी.