जोडी कुठल्या गटात बसते?

शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, गर्दी असते ती धावपट्टीच्या दोन्ही कडांना. उमरखेड तालुक्यातल्या एका पटात मी मात्र नोंदणीच्या टेबलापाशी रेंगाळलो. वखरून सपाट केलेलं काळं रान, कडेला मंडप, भोंग्यावर चाललेली नावांची पुकार, आणि टेबलावर एक जाड वही. त्या वहीत जोडीच्या मालकाचं नाव, गाव, जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याचं नाव आणि शेवटच्या रकान्यात गट. सगळी भांडणं त्या शेवटच्या रकान्यावरून होतात. जोडी पळायच्या आधी अर्धा पट इथेच जिंकला किंवा हरला जातो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, दोन बैल, एक छकडी, जो लवकर पोचला तो जिंकला. पण पैनगंगेपलीकडून, नांदेड-हिंगोलीकडून आलेली, फक्त पळवण्यासाठी पोसलेली खिल्लार जोडी आणि आठ दिवसांपूर्वीपर्यंत तुरीच्या पेंढ्या वाहणारी गावची जोडी एकाच गटात सोडली, तर पुढच्या वर्षी गावचा शेतकरी पटाकडे फिरकणार नाही. म्हणून गट पाडतात. खुला गट सगळ्यांना मोकळा. तालुका गट, गाव गट हे त्या त्या हद्दीतल्या शेतकऱ्यांचे. कुठे त्यांना अ, ब, क म्हणतात, कुठे बायकांचा वेगळा गट असतो. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या जुन्या पटात महिला धुरकरी छकडी हाकतात आणि ते पाहायला आमच्या भागातून लोक खास जातात.

दातांवरून पाडलेले गट पश्चिम महाराष्ट्रात जास्त रूढ आहेत, पण दात पाहण्याची विद्या आपल्याकडच्या प्रत्येक बैलबाजारात जिवंत आहे. त्या दिवशी ती मी हातभर अंतरावरून पाहिली. एका तांबड्या गोऱ्ह्यावरून वाद पेटला होता. पंच म्हणून बसलेले आजोबा उठले, डाव्या हातानं त्याची येसण धरली, उजव्या हाताचा अंगठा ओठांच्या कोपऱ्यात घालून खालचा ओठ अलगद खाली ओढला. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, तिथे नुसती कडक हिरडी असते. वय कळतं ते खालच्या आठ दातांवरून. दुधाचे दात बारीक, पांढरे, एकमेकांपासून सुटे. ते पडून मधली पहिली जोडी आली की तो आदत राहत नाही, दोनदाती होतो. हे साधारण दोन-अडीच वर्षांचा असताना घडतं. पुढे चारदाती, सहादाती, आणि चार-साडेचार वर्षांच्या आसपास सगळे आठ आले की जुळला. या गोऱ्ह्याच्या मधोमध दोन रुंद, फावड्यासारखे दात नुकतेच हिरडीतून वर आले होते.

"दोन पडले ना याचे, भाऊ. आदतीत कसा चालते?"

"आजोबा, मागच्या महिन्यापर्यंत आदतच होता!"

"मागच्या महिन्यात पट होता काय?"

मालकानं हसून मान हलवली आणि वहीत खाडाखोड झाली. कागदावरची जन्मतारीख कुणीही लिहून आणेल, दात खोटं बोलत नाहीत हे दोघांनाही ठाऊक होतं.

मोटारींच्या हौशी शर्यतींचे नियम मी मुद्दाम वाचले आहेत, कारण कोण कुठल्या गटात, हा प्रश्न तिथेही तोच आहे. मैदानात शंकू मांडून एकेक गाडी घड्याळावर पळवायची, या प्रकाराला ऑटोक्रॉस म्हणतात. 'स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका' या संस्थेच्या नियमांत गाडी कुठल्या वर्गात जाणार हे तिच्यात काय काय बदललं यावर ठरतं. सर्वांत साध्या 'स्ट्रीट' वर्गात शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदललेले चालतात, स्प्रिंग बदलल्या की गाडी त्या वर्गातून बाहेर. टायरसुद्धा ठरावीक टिकाऊपणाचेच लागतात, नाहीतर पैसेवाला एका दिवसात झिजणारे, रस्त्याला चिकटणारे टायर लावून जिंकेल. भारतात ऑटोक्रॉस बहुतेक मातीवर होतं आणि इंजिनाच्या सीसीवर गट पडतात. मातीवर, घड्याळाशी, एका वेळी एक: आमच्या पटाचं वर्णनही बरंचसं असंच होईल. ज्या पटांत जोड्या एकेक सुटतात, तिथे आता स्टॉपवॉचऐवजी सेन्सर आलेत आणि सेकंदाच्या शंभराव्या भागावर बक्षीस फिरतं.

मग आमच्याकडे 'गाडीत बदल' कुठे होतो? छकडीत होतो. शेतातल्या बैलगाडीची जड चाकं, त्यांवरची लोखंडी धाव, जाड आख, यातलं काहीच पटाच्या छकडीत नसतं. हलकी चौकट, छोटी चाकं, धुरकऱ्याला पाय रोवून बसण्यापुरती जागा. मी एक छकडी एका हातानं मागून उचलून पाहिली, सहज उठली. शेजारची उठेना. दोन्ही एकाच गटात पळणार होत्या. छकडीच्या वजनाची अट मी पाहिलेल्या कुठल्याच पटात नव्हती, आणि मला ती उणीव खटकते. बैलाचे दात दोनदोनदा पाहायचे आणि त्याच्या मागचं ओझं कुणी तोलायचं नाही, याला अर्थ नाही. मंडपामागे कापसाचा वजनकाटा पडून असतो, त्यावर छकडी ठेवायला पाच मिनिटं पुरतील.

सरकारी नियमांनी छकडीकडे फारसं पाहिलेलं नाही, त्यांचा सगळा रोख जनावराच्या हालांवर आहे, आणि तो योग्यच आहे. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बैलांच्या शर्यती बंद झाल्या, त्याला कारणं होती. तुतारीची आर टोचणं, शेपटी पिरगाळणं, हे आमच्या पिढीनं डोळ्यांनी पाहिलं आहे. 2017 मध्ये राज्यानं कायदा बदलून नियम केले, तरी पुढची काही वर्षं कोर्टकचेरीतच गेली. 16 डिसेंबर 2021 रोजी न्यायालयानं अटींवर परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठानं राज्यांचे कायदे वैध ठरवले. मधल्या काळात पटाचे बैल मिळेल त्या भावानं विकले गेले. ज्यांनी तोटा सोसून जोडी राखली, त्यांना आज गावात मान आहे.

आता आयोजकाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि 50,000 रुपयांची अनामत लागते. पट्टी 1000 मीटरपेक्षा लांब नको, एक बैल दिवसात तीनपेक्षा जास्त वेळा पळवायचा नाही, पशुवैद्यकाचा दाखला हवा. काठी, चाबूक, तुतारी, विजेचा झटका, सगळ्याला मनाई. नियम मोडले तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. या मनाईनं धुरकऱ्याचं काम पार बदललं. झेंडी पडायच्या क्षणी मी एका धुरकऱ्याचे हात पाहत होतो. दोन्ही कासरे डाव्या मुठीत, उजवा हात रिकामा, उघडा, पंचांना दिसेल असा वर. बैल सुटले ते त्याच्या आवाजावर. घशातून निघालेली एकच लांब हाक. हाकेवर पळणारी जोडी महिनोन्‌महिने घडवावी लागते. पहाटेची फिरकी, पोहणी, खुराक, आणि रोज हाकणारा तोच माणूस.

नेमकं म्हणूनच विकत घेतलेल्या जोडीचा प्रश्न टोकदार झाला आहे. घडवलेली जोडी लाखांत जाते. दुपारी गाव गटात एक जोडी आली. मालक गावचाच, सातबारा गावचा, पण बैल चार दिवसांपूर्वी परजिल्ह्यातून आणलेले. वहीत 'मालकाचं गाव' एवढाच रकाना, त्यामुळे नियमानं अडवता येईना. बाकीचे शेतकरी टेबलाभोवती जमले. "मालक गावचा हाय, बैल हाय काय?" या प्रश्नाला समितीकडे उत्तर नव्हतं. माझं मत सरळ आहे: गाव गट हा गावात राबणाऱ्या जोडीसाठी आहे, गावच्या पैशासाठी नाही. ती जोडी अखेर पळाली, पहिली आली, आणि टाळ्या तुरळक पडल्या.

उपाय त्याच टेबलाशी निघाला. एक जण म्हणाला, ज्या जोडीनं गावच्या पोळ्यात तोरणाखाली उभं राहून पूजा घेतली, तीच गावची. कल्पना सगळ्यांना भावली, पण पोळ्यात दोनशे बैल, कोण कुठला हे कोण लक्षात ठेवणार? तेव्हा दाखले तपासून मोकळे झालेले पशुवैद्यक कानातल्या पिवळ्या बिल्ल्याकडे बोट दाखवून म्हणाले, बारा आकडी नंबर आहे, मालक बदलला की नोंद बदलावी लागते. समितीनं तिथल्या तिथे ठरवलं: पुढच्या वर्षीपासून गाव गटाला पोळ्याच्या दिवशीच बिल्ल्यांचे नंबर लिहून घ्यायचे, त्या यादीत नसलेली जोडी खुल्या गटात. वहीच्या मागच्या पानावर तो ठराव लिहिला गेला, पाच सह्या झाल्या. पहिली सही आजोबांची, दुसरी जिंकलेल्या जोडीच्या मालकाची. छकडीच्या वजनाचंही मी सुचवून पाहिलं. "काटा तर आपल्याकडं हायच," एवढं बोलून आजोबांनी ते पुढच्या बैठकीवर टाकलं.