आठ कोअर, पण कामाला किती?

गटासाठी मोबाइल किंवा लॅपटॉप घ्यायला गेलं की दुकानदार खोक्यावर बोट ठेवतो, "ताई, ऑक्टा-कोअर आहे, लई फास्ट." कोअर म्हणजे प्रोसेसरमधला एक कामकरी. ऑक्टा-कोअर म्हणजे असे आठ. मग काम आठपट लवकर होतं का? पैसे मोजण्याआधी हे समजून घेऊ.

आपलं केम कुंकवाचं गाव, तेव्हा हिशेबही कुंकवाचाच. समजा, कालवलेलं कुंकू वाळायला दोन तास लागतात आणि डब्या भरायला एकटीला सहा तास. एकूण आठ. आता आठजणी बसल्या, तर डब्या पाऊण तासात भरतील. पण वाळायचे दोन तास तेवढेच. म्हणजे पावणेतीन तास, जेमतेम तिप्पट वेग. शंभरजणी आणल्या तरी दोन तासांच्या आत काम उरकणार नाही. हाच हिशेब जीन अमडाल या अमेरिकी अभियंत्याने १९६७ साली संगणकासाठी मांडला.

सॉफ्टवेअरमध्येही डब्या भरण्यासारखी कामं असतात आणि वाळवणासारखीही. मोबाइलवर काढलेला व्हिडिओ जोडून तयार करणं हे डब्या भरण्यासारखं. चित्राचे तुकडे सगळ्या कोअरना वाटता येतात, त्यामुळे इथं जास्त कोअरचा खरा फायदा दिसतो. हवामानाचा अंदाजही असाच, नकाशाचे चौकोन पाडून वाटता येतो. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक बनवला, तोही अनेक प्रोसेसर एकत्र जोडूनच. त्यामागे डॉ. विजय भटकर होते.

आता गटाची वही घ्या. वीस सभासदांचं व्याज काढायचं तर प्रत्येकीचा हिशेब वेगळा, तो वाटता येतो. एक्सेल २००७ सालच्या आवृत्तीपासून अशी आकडेमोड अनेक कोअरवर करतं. पण किर्दीतली शिल्लक? कालची अखेरची शिल्लक निघाल्याशिवाय आजची आरंभीची लिहिता येत नाही. तिथं एक कोअर राबतो आणि बाकीचे सात बघत बसतात. अर्थात आपल्या गटाची किर्द एवढीशी असते, की तो एकटाही ती डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपवतो. व्हॉट्सअॅपवर फोटो जायला वेळ लागतो, तो बहुतेकदा रेंजमुळे. कोअर वाढवून रेंज येत नाही!

मोबाइलमधले आठही कोअर सारखे नसतात, हेही दुकानात कुणी सांगत नाही. बऱ्याच फोनमध्ये दोन-चार जोरकस असतात आणि बाकीचे बॅटरी वाचवणारे, हळू. काही स्वस्त फोनमध्ये आठही हळूच. अशा आठांपेक्षा चार दमदार कोअर कधीकधी बरे पडतात.

विंडोजचा लॅपटॉप असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. काम रखडलेलं असताना त्यात सीपीयूचा आकडा पाहा. आठ कोअरच्या यंत्रात तो बारा-तेरा टक्क्यांवर अडून राहिला, तर बहुधा एकच कोअर राबतोय, आणि सोळा कोअरचं महाग यंत्र आणूनही फारसा फरक पडणार नाही. आकडा शंभराला टेकला, तर जास्त कोअर उपयोगी पडतील. आणि मेमरीचा आकडा शंभराजवळ असेल, तर आधी रॅम वाढवून मिळते का ते विचारा. नव्या लॅपटॉपपेक्षा ते बहुतेकदा स्वस्तात होतं.