संगणकाला ख्मेर कशी शिकवली?

कंबोडियात संगणक शिकायचा तर आधी इंग्रजी शिका, अशी २० वर्षांपूर्वीची स्थिती होती. ती बदलण्यासाठी २००४च्या सुमारास तिथे ‘ख्मेर ओएस’ उपक्रम सुरू झाला.

मुक्त सॉफ्टवेअरच का?
ओपनऑफिस, फायरफॉक्स यांचा सोर्स कोड खुला असतो. मेनू ख्मेरमध्ये आणायला कुठल्या कंपनीची वाट पाहावी लागत नाही.

अडचणी कोणत्या?
पूर्वी फॉन्ट बदलला की मजकुराची अगम्य अक्षरे व्हायची. मराठी टायपिंग करणाऱ्यांनीही हे भोगले आहे. १९९९मध्ये ख्मेर युनिकोडमध्ये आली आणि त्यावर मार्ग निघाला. पण ख्मेरमध्ये शब्दांत जागा सोडत नाहीत. मग ओळ कुठे तोडायची? त्यासाठी शब्दांच्या मध्ये न दिसणारी, शून्य रुंदीची स्पेस टाइप करतात किंवा सॉफ्टवेअरला शब्दकोश पुरवतात. म्हणजे नुसत्या भाषांतराने भागत नाही; लिपीचे नियमही संगणकाला शिकवावे लागतात.